पाण्यात उतरले की लघवीला का लागते?

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) गावोगावच्या विहिरी पोरांनी गजबजून जातात. नवशिके पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून काठाकाठाने हातपाय मारतात, तयारीचे गडी थारोळ्यावरून मुटका मारतात. अर्धा-पाऊण तास झाला की मात्र एक गोष्ट हमखास घडते. एकेक जण पायऱ्या चढून वर येतो, बांधाआड जाऊन येतो आणि पुन्हा पाण्यात उडी घेतो. घरून निघताना तो लघवीला जाऊन आलेला असतो. वाटेत तो घोटभर पाणीही प्यालेला नसतो. हाच मुलगा तेवढा वेळ उन्हात विटीदांडू खेळला असता, तर दोन-तीन तास त्याला लघवीची आठवणही झाली नसती. मग पाण्यातच असे का व्हावे?

हा विषय चारचौघांत बोलण्याचा नाही असे आपण मानतो. त्यामुळे हा प्रश्न मनात येऊनही कोणी शिक्षकांना विचारीत नाही. पण ज्या गोष्टीची आपल्याला लाज वाटते तिच्यातही निसर्गाचे नियम तितक्याच चोखपणे चालू असतात. या साध्या प्रश्नात पास्कलचा नियम आहे, द्रवाच्या दाबाचे सूत्र आहे आणि हृदयाविषयी विसाव्या शतकात लागलेला एक मोठा शोधही आहे.

शिवाय विहिरीतल्या मुलाला पायऱ्या तरी असतात. मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात स्कूबा पद्धतीने बुडी मारणाऱ्या पाणबुड्याचा विचार करा. पाठीवर दाबाखालच्या हवेची टाकी, तोंडात हवेची नळी, अंगाला घट्ट बसलेला रबरी पोशाख आणि डोक्यावर दहा मीटर पाणी! त्याने काय करावे? आपण क्रमाने पाहू या.

पाण्याचा दाब मूत्राशय पिळतो काय?

बहुतेकांना सुचणारे पहिले उत्तर असे: पाणी सगळीकडून शरीर दाबते, त्यामुळे मूत्राशयही दाबले जाते, म्हणून लघवीला लागते. उत्तर पटण्यासारखे आहे, पण ते बरोबर नाही. का, ते गणिताने पाहू.

द्रवातील दाब = खोली × घनता × गुरुत्व त्वरण, हे सूत्र तुम्हाला ठाऊक आहे. खोली १० मीटर, पाण्याची घनता दर घनमीटरला १००० किलोग्रॅम आणि गुरुत्व त्वरण ९.८ घेतले, तर दाब ९८,००० पास्कल येतो. हा जवळजवळ एका वातावरणाएवढा दाब झाला. म्हणजे दहा मीटर खोलीवर पाणबुड्याच्या अंगावर हवेचा एक आणि पाण्याचा एक असा दोन वातावरणांचा दाब असतो. तुलनेसाठी एक गंमत पाहा. नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच आहे. तेथून मालवणच्या किनाऱ्यावर उतरलात, की हवेचा जेवढा दाब वाढतो तेवढा पाण्यात केवळ पाऊण मीटर खाली गेल्याने वाढतो.

एवढा दाब मूत्राशय पिळून काढीत नाही, कारण पास्कलच्या नियमाप्रमाणे कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो. आपले शरीर बहुतांशी पाणी आहे. बाहेरचा दाब वाढला की मांस, रक्त आणि मूत्राशयातील मूत्र या सर्वांचा दाब तेवढाच वाढतो. जेथे मूत्र साठलेले आहे तेथे आणि जेथून ते बाहेर पडायचे तेथे, दोन्हीकडे वाढ सारखीच. फरक शून्य. प्लॅस्टिकची पिशवी पाण्याने काठोकाठ भरून, हवा राहू न देता तिचे तोंड घट्ट बांधा आणि दोरीने विहिरीच्या तळापर्यंत सोडा. ती फुटत नाही की आक्रसत नाही. मूत्राशयाचे तसेच आहे.

याच कारणाने एका उलट शंकेचेही उत्तर मिळते. काही जण विचारतात, 'बाहेर दुप्पट दाब असताना मूत्र बाहेर येईलच कसे?' जमिनीवर लघवी करताना मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावून साधारण अर्धा मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा जादा दाब निर्माण करतो. पाण्याखालीही त्याला एवढेच काम करावे लागते. दहा मीटरवर असो वा तीस मीटरवर, त्यात फरक पडत नाही.

दुसरे उत्तर असे देतात की अंग कातडीतून पाणी शोषून घेते. बराच वेळ पोहल्यावर बोटांना पडणाऱ्या सुरकुत्या पाहून हा समज झाला असावा. पण बोटाकडे जाणारी मज्जातंतूंची तार तुटलेली असेल, तर ते बोट पाण्यात ठेवूनही सुरकुत्या पडत नाहीत असे डॉक्टरांना आढळले आहे. म्हणजे या सुरकुत्या मज्जासंस्थेच्या हुकमाने, रक्तवाहिन्या आकसल्यामुळे पडतात. मूत्राशय भरावे इतके पाणी कातडीतून आत शिरत नाही.

तेव्हा मूत्राशय दाबले जाते म्हणून लघवीला लागते असे नव्हे, तर मूत्र खरोखरीच जास्त तयार होते म्हणून लागते. ते जास्त का तयार होते, हा खरा प्रश्न आहे.

रक्ताचा स्तंभ आणि पाण्याचा स्तंभ

एक प्रयोग करून पाहा. बर्फाची 'पेप्सी' मिळते तशी लांब, अरुंद प्लॅस्टिकची पिशवी घ्या. ती पाण्याने सैलसर भरा आणि तोंड बांधून हातात उभी धरा. पिशवी खालच्या टोकाला फुगते आणि वर चिंबते. आता ती तशीच उभी धरून पाण्याने भरलेल्या बादलीत हळूहळू बुडवा. खालचा फुगवटा नाहीसा होतो आणि आतले पाणी वर सरकते. हा प्रयोग नीट लक्षात ठेवा, कारण आपले शरीर ही अशीच एक पिशवी आहे.

आपण उभे असतो तेव्हा हृदयापासून पावलांपर्यंत सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. रक्ताची घनता पाण्याच्या १.०६ पट आहे. पाऱ्याच्या घनतेने भागून पाहिले, तर या स्तंभाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ९४ मिलिमीटर स्तंभाएवढा येतो. पावलांतील नीलांना स्वस्थ उभे असताना हा जादा दाब सोसावा लागतो. नीलांच्या भिंती पातळ आणि ताणल्या जाणाऱ्या असतात, त्यामुळे त्या फुगतात आणि बरेचसे रक्त पायांत व पोटाच्या खालच्या भागात साठून राहते. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या माणसांचे पाय संध्याकाळी जड का होतात, ते यावरून समजेल.

आता हाच माणूस गळ्यापर्यंत पाण्यात उतरला असे समजा. रक्ताच्या स्तंभाच्या जोडीला बाहेर पाण्याचा स्तंभ उभा राहतो. दोघांची घनता जवळजवळ सारखी. जितके खाली जावे तितका आतला दाब वाढतो, पण बाहेरचाही तितकाच वाढतो. नीलांना फुगण्याचे कारणच उरत नाही. त्यांत साठलेले रक्त वर सरकते, बादलीतल्या पिशवीसारखेच.

ते वर जाऊन कोठे राहते? पोट आणि पाय यांत सगळे द्रवच आहे, तेथे बाहेरचा दाब जसाच्या तसा पोचतो. छातीत मात्र फुफ्फुसे आहेत. त्यांत हवा आहे आणि गळ्यापर्यंतच पाण्यात असलेल्या माणसाच्या फुफ्फुसांतील हवा तोंडावाटे बाहेरच्या हवेशी जोडलेली आहे. त्यामुळे छातीतच काय ती जागा होते. प्रयोगांत असे दिसले आहे की गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या प्रौढ माणसाच्या छातीत सुमारे ७०० मिलिलिटर जादा रक्त येऊन साठते. त्यातील काही भाग खुद्द हृदयाच्या कप्प्यांत असतो.

स्कूबा पाणबुड्याच्या तोंडातील रेग्युलेटर त्याला भोवतालच्या पाण्याच्या दाबाचीच हवा पुरवतो. हे साधन १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी व्यवहारात आणले. अशी हवा मिळत असल्यामुळे खोली वाढली म्हणून रक्त अधिकाधिक सरकत जात नाही. पण पायांतील रक्ताला पाण्याचा आधार मिळतो तो कोणत्याही खोलीवर मिळतोच. म्हणून चार मीटरवरच्या पाणबुड्यालाही लघवीला लागते आणि वीस मीटरवरच्यालाही.

हृदयाचा कौल

आपल्या शरीरात एकूण रक्त किती आहे हे मोजणारे यंत्र शरीरापाशी नाही. त्याला मुख्यतः एक गोष्ट कळते: हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या भिंती किती ताणल्या गेल्या आहेत. टाकीत पाणी किती आहे हे तरंगत्या गोळ्याच्या उंचीवरून ओळखावे, तसा हा प्रकार. पायांतले रक्त छातीत आले की अलिंदे ताणली जातात. रक्त तेवढेच आहे, फक्त त्याची जागा बदलली आहे, हे शरीराला कळत नाही. 'अंगात पाणी जास्त झाले' असा त्याचा अर्थ लावला जातो आणि जादा पाणी काढून टाकण्याचा हुकूम मूत्रपिंडांना सुटतो.

हा हुकूम कोठून सुटतो हे शोधण्यासाठी जेम्स हेन्री आणि ओटो गाउअर यांनी भूल दिलेल्या कुत्र्यांवर प्रयोग केले. त्यांनी डाव्या अलिंदात एक लहान फुगा सरकवला आणि तो फुगवला. अलिंद ताणले जाताच मूत्राचे प्रमाण वाढले. फुग्यातील द्रव काढताच ते कमी झाले. १९५६ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ताणाची बातमी मज्जातंतूंतून मेंदूत जाते आणि पियूषिका ग्रंथीतून रक्तात येणारे मूत्ररोधी संप्रेरक कमी होते, अशी ही साखळी आहे.

गोष्ट येथेच संपत नाही. १९८१ साली कॅनडातील किंग्स्टन येथे अडोल्फो द बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या अलिंदांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोचला. काही मिनिटांतच त्यांच्या मूत्रातून सोडियम आणि पाणी कितीतरी पटींनी अधिक बाहेर पडू लागले. हृदयाच्या खालच्या कप्प्यांच्या अर्काने तसे काही झाले नाही. म्हणजे अलिंदे नुसती बातमी पाठवीत नाहीत, ती स्वतःच एक संप्रेरक तयार करतात! ए.एन.पी. या आद्याक्षरांनी ते आज ओळखले जाते. हृदय म्हणजे केवळ रक्ताचा पंप, ही समजूत या शोधाने कायमची बदलली.

मूत्रपिंडांत किती फरक पडला म्हणजे लघवीला लागते, याचेही गणित पाहा. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर द्रव रक्तातून गाळून काढतात आणि त्यातला सुमारे १२४ मिलिलिटर पुन्हा रक्तात घेतात. उरलेला १ मिलिलिटर म्हणजे मूत्र. आता परत घेण्याचे प्रमाण १२४ वरून १२१ वर आले, तर मूत्र १ वरून ४ मिलिलिटर होईल. परत घेण्यात जेमतेम अडीच टक्के घट, आणि मूत्र मात्र चौपट! पाण्यात बसवून केलेल्या प्रयोगांत मूत्र असेच अनेक पटींनी वाढलेले आढळते. या हिशेबाने तासाला २४० मिलिलिटर होतात. मूत्राशयात दीड-दोनशे मिलिलिटर जमले की लघवीची जाणीव सुरू होते. विहिरीवरच्या पोरांचा पाऊण तास कोठून आला, ते आता कळले ना?

यात गारव्याचीही भर पडते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट अधिक उष्णतावाहक आहे. गार पाण्यात शिरताच अंगातील उष्णता वाचवण्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तेथले रक्तही आत ढकलले जाते. छातीतील गर्दी आणखी वाढते. थंडीच्या दिवसांत पाण्यात न जाताही वारंवार लघवीला लागते, त्याचे कारण हेच.

पाण्याशिवायही रक्त असे सरकू शकते. घरात पायांवर सूज येणारे आजी-आजोबा असतील, तर ते रात्री वरचेवर का उठतात हे त्यांना विचारा. दिवसा पायांत साठलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. अमेरिकेचा पहिला अंतराळवीर अॅलन शेपर्ड याचीही ५ मे १९६१ रोजी अशीच पंचाईत झाली होती. उड्डाण अवघे पंधरा मिनिटांचे, म्हणून लघवीची सोय केलेली नव्हती. पण उड्डाण लांबत गेले आणि पाय वर करून उताणा पडलेला शेपर्ड चार तासांहून अधिक काळ यानात अडकून राहिला. शेवटी त्याला पोशाखातच लघवी करावी लागली. पुढच्या उड्डाणांत पोशाखात मूत्र साठवण्याची सोय करण्यात आली.

पाणबुडे काय करतात?

आता तारकर्लीच्या पाणबुड्याकडे येऊ. बुडी मारण्यापूर्वी लघवीला जाऊन येणे हा पहिला नियम. पण वर सांगितलेल्या हिशेबाप्रमाणे लांब बुडीत ते पुरेसे पडत नाही. आपल्याकडच्या उबदार समुद्रात पाणबुडे जो पोशाख घालतात तो पाणी पूर्णपणे अडवीत नाही. कातडी आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो आणि अंगाच्या उष्णतेने गरम होतो. असा पोशाख घातलेले अनेक पाणबुडे पाण्यातच लघवी करतात आणि वर आल्यावर पोशाख गोड्या पाण्याने स्वच्छ धुतात. ताज्या मूत्रात सुमारे ९५ टक्के पाणीच असते, बाकी युरिया आणि क्षार. न धुता ते अंगाशी राहिले तर कातडीला खाज सुटते आणि रबराला वास येतो. पोशाख भाड्याचा असेल, तर पुढच्या माणसाची आठवण ठेवायला हवी हे वेगळे सांगायला नको.

थंड समुद्रात वापरतात तो पोशाख पूर्ण कोरडा असतो. त्यात लघवी केली तर ती आतच राहणार. म्हणून असे पाणबुडे शोषक लंगोट वापरतात किंवा पोशाखाला बसवलेल्या नळी-झडपेतून मूत्र बाहेर सोडतात.

लघवी केल्याने अंगात ऊब येते, असेही पाणबुडे सांगतात. हिशेब करू. ३०० ग्रॅम मूत्र ३७ अंशांवरून २७ अंशांच्या समुद्राइतके गार होताना ३००० कॅलरी, म्हणजे ३ किलोकॅलरी उष्णता देते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर तासाला सुमारे ७० किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. म्हणजे ही ऊब शरीराच्या जेमतेम अडीच मिनिटांच्या कमाईइतकी. तीही नवी नव्हे, शरीरातलीच बाहेर पडलेली. पुढच्या हालचालीबरोबर ती पाण्यात निघून जाते.

पाणीच प्यायले नाही तर?

येथे एक धोका आहे आणि या लेखात सर्वांत महत्त्वाचे सांगायचे आहे ते हेच. लघवीची अडचण नको म्हणून काही नवे पाणबुडे बुडीपूर्वी पाणी पिणेच सोडतात. वरकरणी युक्ती बरी दिसते. पण शरीराने हृदयातील ताण पाहून हुकूम सोडलेला आहे. तुम्ही पाणी प्यालात की नाही, याची तो वाट पाहत नाही. छातीत रक्त जमले की मूत्रपिंडे पाणी बाहेर टाकू लागतात, मग ते अंगातले गरजेचे पाणी का असेना. भरीस भर म्हणून टाकीतील हवा अगदी कोरडी असते, त्यामुळे प्रत्येक उच्छ्वासाबरोबरही पाणी जाते.

मग पाणबुडा वर येतो. पाण्याचा आधार सुटतो, रक्त पुन्हा पायांकडे उतरते, आणि आता खरोखरीच रक्तातले पाणी कमी पडलेले असते. पाण्यातून चढून वर येताच काहींना चक्कर येते किंवा मरगळ वाटते ती यामुळे. विहिरीत तासन्‌तास पोहणाऱ्यांनीही पायऱ्या सावकाश चढाव्यात, वर येऊन क्षणभर बसावे आणि पाणी प्यावे.

पाणबुड्याला आणखी एक भीती असते. द्रवात विरघळणारा वायू दाबाच्या प्रमाणात वाढतो, हा विल्यम हेन्रीचा नियम तुम्ही शिकता. (हा हेन्री वेगळा, फुग्याचा प्रयोग करणाऱ्या हेन्रीच्या दीडशे वर्षे आधीचा.) दहा मीटरवर भोवतालचा दाब दुप्पट असल्याने रक्तात आणि मांसात नायट्रोजन अधिक विरघळतो. पाणबुडा सावकाश वर आला, तर रक्त तो फुफ्फुसांकडे वाहून नेते आणि तो श्वासावाटे निघून जातो. घाईने वर आला, तर सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे अंगातच सुटतात. त्याने सांधे दुखतात, पक्षाघात होऊ शकतो, प्राणही जाऊ शकतो. अंगातले पाणी कमी झाले की रक्ताभिसरण मंदावते आणि नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. म्हणून पाण्याचा तुटवडा हे या विकाराचा धोका वाढवणारे एक कारण मानले जाते. पाणबुड्यांना शिकवताना स्पष्ट सांगतात: पाणी प्या, आणि लागली तर लघवी करा.

हा सल्ला केवळ पाणबुड्यांसाठी नाही. शाळेतील स्वच्छतागृह घाण आहे, दाराला कडी नाही किंवा तासाला बाई सोडत नाहीत, म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचा थेंबही न घेणारी मुले आपल्या वर्गात असतात. त्यांत मुली अधिक. तहान मारली म्हणजे लघवी टळते, हा हिशेब त्यांनीही मांडलेला असतो आणि तोही तितकाच चुकीचा असतो. मूत्रपिंडांना युरिया बाहेर टाकावाच लागतो. पाणी मिळाले नाही तर ती दाट मूत्र करतात. त्याने मूत्रमार्गाचे विकार आणि मूतखडे यांना वाट मिळते. नगरसारख्या कोरड्या मुलखात, चैत्र-वैशाखाच्या उन्हात तर हे अधिकच. शिक्षक-शिक्षिकांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल: लघवीला जाऊ का असे विचारणाऱ्याला अडवू नये, आणि स्वच्छतागृहाची कडी शाबूत आहे ना, ते पाहावे.

समुद्र, तलाव आणि विहीर

समुद्रात चालते म्हणून विहिरीतही चालेल असे मात्र समजू नका. दहा मीटर लांब, रुंद आणि खोल अशा समुद्राच्या तुकड्यात दहा लाख लिटर पाणी असते आणि ते लाटांनी सतत बदलत असते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे १ लाख १३ हजार लिटर भरते. ते साचलेले असते आणि पुष्कळदा तेच पिण्यात येते.

या बाबतीत महाराष्ट्रातील एक उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावात काही लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ साली गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी त्याचे कारण एक परजीवी चपटकृमी असल्याचे दाखवले. अशा कृमीची अंडी रोग्याच्या लघवीतून पाण्यात पडतात, गोड्या पाण्यातील गोगलगायींत त्यांची पुढची वाढ होते आणि मग ती पिल्ले पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून अंगात शिरतात. हा रोग आपल्याकडे सर्वत्र पसरलेला नाही. पण गोड्या पाण्यात केलेली लघवी कोठवर जाऊन परत येऊ शकते, हे त्यावरून कळते.

शहरातील पोहण्याच्या तलावाची गोष्ट निराळी. तेथे पाण्यात क्लोरीन घातलेला असतो. त्याचा युरियाशी संयोग होऊन क्लोरामाइन नावाची संयुगे बनतात. तलावाजवळ येणारा उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर पुष्कळदा त्यांचीच असते. नाव मात्र क्लोरीनचे होते! तेव्हा विहिरीत आणि तलावात एकच नियम: उतरण्यापूर्वी जाऊन यावे, आणि लागली की बाहेर यावे. त्यात कमीपणा काही नाही.

करून पाहा

१. वर सांगितलेला लांब पिशवीचा प्रयोग वर्गात करा. बादलीतील पाण्यात भरपूर मीठ विरघळवून तोच पुन्हा करा. आता पिशवी कशी दिसते? घनता वाढल्याने काय फरक पडला?

२. हातावर प्लॅस्टिकची पातळ, न फाटलेली पिशवी चढवा आणि हात बादलीत सरळ खाली घाला. पिशवी हाताला चिकटते. कोठे जास्त चिकटते, मनगटाशी की बोटांशी? कारण सांगा.

३. सुट्टीच्या दिवशी सकाळी एक पेला पाणी पिऊन लघवीला जाऊन या. मग तासभर खुर्चीवर बसून वाचा आणि तासाने लघवी खुणा केलेल्या जुन्या बाटलीत मोजा. दुसऱ्या दिवशी तेवढेच पाणी पिऊन, तेवढाच वेळ गळ्यापर्यंत पाण्यात काढा आणि पुन्हा मोजा. पाण्यात असताना पोहता येणारे मोठे माणूस बरोबर हवेच. दोन आकड्यांचे गुणोत्तर काढा. ही बाटली पुन्हा दुसऱ्या कामाला वापरू नका.

४. उंट, देवमासा आणि बेडूक यांपैकी कोणाला पाण्यात उतरल्यावर जास्त लघवी होईल असे तुम्हाला वाटते? ज्या प्राण्याचे शरीर नेहमीच आडवे असते, त्याच्या रक्ताच्या स्तंभाची उंची किती, हे ध्यानात घेऊन उत्तर द्या.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात शोधू नका. आधी कागदावर एक उभा माणूस आणि एक आडवा प्राणी काढा, हृदयाची जागा दाखवा आणि पट्टीने मोजा. उत्तराचा अर्धा भाग त्या चित्रातच सापडेल.